रुग्णाने सुपारी फोडली

३ जानेवारी २००५, सोमवार

ही डायरी मटेरियलवाल्या एजंटानं मालकांना दिली. प्रत्येक पानाच्या खाली एक दात छापलाय. मालक म्हणाले, "दिवसभर दात बघून मन भरत नाही म्हणून आता घरी पण न्यायचे का?" आणि माझ्यापुढे टाकली. म्हणून लिहितोय.

पहिल्या पानावर माहिती भरायची आहे ती भरली. नाव शंभू. पत्ता दत्तप्रसाद डेंटल लॅब (मालकांचं नाव तेच लॅबचं), तांबट आळीजवळ, कसबा पेठ, पुणे. कायमचा पत्ता केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ. रक्तगट माहीत नाही. शिक्षण विचारलेलं नाही, बरं झालं. सातवी झाली, आठवीला बसलो नाही. पण अक्षर चांगलं आहे. लॅबमधल्या चिठ्ठ्या सगळ्या मीच लिहितो.

आज एक डबी परत आली. विमलाबाई, वय ६२, वरचा पुढचा दात. पूर्ण सिरॅमिकची कॅप, आत धातू नाही, डिसेंबरात मीच केली होती. मधोमध दोन तुकडे. मालकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, लिही. मी लिहिलं, "रुग्णाने सुपारी फोडली." कॅप परत आली की आम्ही हेच लिहितो. डॉक्टर चुकत नाहीत, लॅब चुकत नाही, मग राहते सुपारी.

खरं काय ते इथं लिहायला हरकत नाही. डॉक्टर दात चहूबाजूंनी कापून बारीक करतात, त्याचं माप घेतात, माप आमच्याकडे येतं. त्यात मी प्लास्टर ओततो आणि त्या प्लास्टरच्या दातावर कॅप बनवतो. सिरॅमिकसाठी दात कापायची रीत वेगळी आहे. हिरडीजवळ चहूबाजूंनी एक पायरी लागते, कॅप त्या पायरीवर बसते. आणि कोपरे सगळे गोल हवेत. धार राहिली की सिरॅमिक आतून तडकतं. आमचे डॉक्टर पंचवीस वर्षं धातूच्या कॅपसाठी दात कापत आले, त्यांचा हात तसाच जातो. पायरी नसते, धार असते. मग मी प्लास्टरवरची धार हळूच घासून टाकतो, पायरी कोरून देतो. हे मालकांनीच शिकवलं. प्लास्टर दिसायला छान होतं. कॅप प्लास्टरवर टक्कन बसते.

विमलाबाईंच्या प्लास्टरला मी बरंच घासलं होतं.


११ जानेवारी, मंगळवार

नागपूरच्या लॅबचं पत्र आलं! दिवाळीत गावाहून येताना तिथं उतरून माझ्या हातच्या दोन कॅप दाखवल्या होत्या. ते लिहितात, गुढीपाडव्याला नवी भट्टी सुरू करतोय, सिरॅमिकचं सगळं काम तुम्ही बघायचं. पाडव्याच्या दिवशी रुजू व्हा, त्यानंतर जागा धरून ठेवता येणार नाही. मला "तुम्ही" लिहिलंय. तिथून गाव चार तास. माय एकटी असते.

पाकीट एका बाजूनं उघडं होतं. मालक म्हणाले, "हल्ली पोस्टाचा डिंक काही खरा नाही." खरं आहे. मागं गावाहून आलेल्या पत्राचंही असंच झालं होतं.

मालकांना आत्ता सांगायचं नाही. मार्चअखेरीस सांगेन. चार वर्षं या खिडकीशी बसलोय. खाली तांबट पातेली ठोकतात, वर मी दात घासतो. खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि भिंतीवर पाण्याचा पाइप. पाइप कुठं कुठं गंजलाय ते मला पाठ आहे.


१६ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस लॅबमागच्या खोलीत जात नाही. मंडईपर्यंत गेलो, तिथून चालत मार्केट यार्डला. संत्र्यांच्या गाड्या येतात तिकडच्या. यवतमाळचा एमएच २९ नंबर दिसला की बरं वाटतं. काही काम नसतं, उगीच उभा राहतो.

आज एका ड्रायव्हरनं हाक मारली. बद्रीनाथ त्याचं नाव.

"केळापूरकडचा काय बे?"

"कसं ओळखलं?"

"हास जरा."

मी तोंडावर हात ठेवला. तो मोठ्यानं हसला, तर त्याचेही तसेच. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात, गावात सगळ्यांचे तसेच. दात मजबूत असतात, पण दिसतात गंजल्यासारखे. पुण्यात मी चार वर्षं तोंड मिटूनच हसतोय. लोकांना वाटतं पोरगं गंभीर आहे.

"पाण्याचा शिक्का हाय तो," बद्रीनाथ म्हणाला. "कुठंबी गेला तरी पुसत नाही." त्यानं दोन संत्री दिली.


२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं त्यावर विश्वास बसत नाही. कॅप द्यायला आमच्या डॉक्टर विश्वजीतांच्या दवाखान्यात गेलो. ते म्हणाले, खुर्चीत बस. मला वाटलं खुर्चीचं काही बिघडलंय. "तोंड उघड," म्हणाले. दिवा डोळ्यावर आला.

ते औंधला नवा दवाखाना काढतायत, कंप्युटरवाल्या लोकांसाठी. पाडव्याला उद्घाटन. तिथं भिंतीवर फोटो लावायचेत, आधीचे दात आणि नंतरचे दात. "तुझ्यासारखा 'आधी' मला पैसे देऊन मिळायचा नाही," म्हणाले. वरचे सहा दात, पूर्ण सिरॅमिक, सगळं फुकट. कॅप आमच्या लॅबमधून, म्हणजे मीच करायच्या. दोन आठवड्यांचं काम.

मी विचारलं, माझं नाव कसं काय सुचलं. "दत्तप्रसाद म्हणाला. गेल्याच महिन्यात म्हणाला, आमच्या शंभूचं तेवढं करा, पोरगं खूश होईल."

मालक तोंडानं कसे आहेत ते सगळी पेठ जाणते. पण आत काय असतं ते असं कळतं. मला तर लाज वाटली, मी इथून जायचं ठरवून बसलोय आणि ते माझ्या दातांचा विचार करतायत. पाडव्याला अजून दोन महिने आहेत. दात होतील आणि नागपूरला मी उघड्या तोंडानं हसत जाईन.


१४ फेब्रुवारी, सोमवार

दात कापले.

सुई टोचल्यावर ओठ कुणाचा दुसऱ्याचा असल्यासारखा झाला. मग बरचा, दात कापायच्या यंत्राचा आवाज. तो आवाज कानात नाही, कवटीत येतो. पाण्याचा फवारा, आणि जळल्यासारखा वास, शिंग जाळतात तसा. माझाच वास होता तो. रुमालावर तपकिरी चिखल पडत होता. अठरा वर्षांचं गावचं पाणी.

उत्कर्षा मॅडम पाणी ओढायची नळी धरून होत्या. त्या नव्या डॉक्टर, कॉलेजातून निघून दोनच वर्षं झालीत. मध्येच म्हणाल्या, "सर, मागच्या बाजूला पायरी जरा..."

"उत्कर्षा, नळी नीट धर."

"हो सर."

मी वर बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दिव्याकडे नेली.

शेवटी डॉक्टरांनी आरसा दिला. सहा खुंट्या. डाग वरच्या थरातच होता म्हणे, आत दात पांढराच निघाला. म्हणजे तो पांढरा माझ्याकडे होताच, आता त्याच्यावर दुसरा पांढरा बसणार. रबराचं माप घेतलं, वर तात्पुरत्या प्लास्टिकच्या कॅप चिकटवल्या.

"कडक खायचं नाही. गार नाही, गरम नाही," मॅडम म्हणाल्या. "लवकर करून घे रे. उघडा दात जास्त दिवस ठेवायचा नसतो."

मी म्हणालो, करणारा मीच आहे ना.


२४ फेब्रुवारी, गुरुवार

माप मालकांच्या कपाटात आहे. रोज विचारतो.

"शंभूराजे, आधी गिऱ्हाईक, मग घरचं. रबराचं माप आहे, महिनाभर आंबत नाही."

मालकांचं बरोबरच आहे. खरंच काम फार आलंय. कपाटाला पूर्वी कुलूप नसायचं, आता असतं. सिरॅमिक महाग झालंय, म्हणून असेल.

वरण-भात, वरण-भात. परवा एक संत्रं सोललं, फोड तोंडात घातली आणि डोळ्यांतून पाणी आलं, मेंदूपर्यंत कळ गेली. वारा लागला तरी कळ. मालकांचं दार धाडकन उघडलं की मी आधी तोंड मिटतो.

आज मनात आलं, उद्याच निघून गेलो तर? मग लक्षात आलं की असं जाता येणार नाही. या खुंट्या घेऊन कुठं जाणार? पूर्वी माझ्याकडे डागाचे दात होते, ते घेऊन कुठंही जाता येत होतं.


६ मार्च, रविवार

मायला फोन लावला. सरपंचाच्या घरी बोलवून आणावं लागतं, तोवर मीटर पळत होतं.

"काहून रे, आवाज असा काहून येते तुह्या?"

मी सांगितलं.

"दुखत होते काय दात?"

"नाही माय."

"मंग? चांगल्या दाताले काहून कापू देलं?"

मी म्हणालो, पांढरे होणार आहेत. फोटो लागणार आहे भिंतीवर.

ती म्हणाली, "तुह्या बापाचे बी तसेच होते. त्याच दातानं ऊस सोलला त्यायनं जलमभर." मग म्हणाली, "पाडव्याले येतं ना नागपूरले? मी लोकायले सांगून ठेवलं."

येतो म्हणालो.


१२ मार्च, शनिवार

तात्पुरती एक कॅप जेवताना निघाली, घेऊन दवाखान्यात गेलो. बाकावर एक आजी बसल्या होत्या, तोंडाला पदर. माझ्या हातात डबी बघून म्हणाल्या, "तुम्ही लॅबचे का हो?"

"हो."

"मग मला एक सांगा. माझी कॅप तुटली, तुमच्याकडून चिठ्ठी आली, मी म्हणे सुपारी फोडली. अहो, मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलं, पोरांच्या तोंडातली काढून फेकायला लावली. मी तूप लावलेली पोळी खात होते. मऊ पोळी."

मी म्हणालो, बघतो. काय बघतो ते मलाच कळलं नाही.

"डॉक्टर म्हणतात, आजी, लपवू नका, आठवून बघा. आता मी रोज आठवते आहे. या वयात माणसाला स्वतःवरच शंका यायला लागते हो. अक्षर मात्र सुरेख होतं चिठ्ठीवर. कुणाचं ते?"

आत बोलावलं म्हणून सुटलो. मॅडमनी कॅप चिकटवली. बाहेर आलो तेव्हा विमलाबाई तिथंच होत्या. मागच्या जिन्यानं उतरलो. मागच्या जिन्याला खाली कुलूप होतं, परत वर येऊन त्यांच्या समोरूनच जावं लागलं. त्या म्हणाल्या, "सावकाश जा."


२२ मार्च, मंगळवार

आज मालकांनी स्वतःहून माप काढून दिलं. डॉक्टरांचा फोन आला होता, पाडवा आलाय, फोटोग्राफर ठरलाय. "घ्या शंभूराजे, तुमची बत्तिशी. एक तारखेला दात तोंडात हवेत."

प्लास्टर ओतलं. अर्ध्या तासानं माप सोडवलं आणि माझेच दात हातात आले. चार वर्षांत हजार तरी दात असे हातात घेतले असतील. हे घेतले आणि अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. कोपऱ्यावर धार. मागच्या बाजूला पायरी नाहीच, दात नुसता निमुळता होत हिरडीत गेलाय, सुरीसारखा. सहाच्या सहा.

तात्पुरत्या कॅपची एक कड सैल आहे, तिथून जीभ आत घातली. तीच धार जिभेला लागली. नख प्लास्टरवर, जीभ दातावर, दोन्हीकडे एकच गोष्ट.

मालकांकडे गेलो. "मालक, पायरी नाही. कोपरे धारदार आहेत. पुन्हा दहा मिनिटं बर फिरवून गोल केलं आणि नवं माप घेतलं तर..."

"कोण सांगणार डॉक्टरांना? तू? का मी?"

मी प्लास्टर त्यांच्यापुढे धरलं.

"सातवी पास माणूस पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला दात कापायला शिकवणार. वा. पेढे वाटू या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शंभू, या डॉक्टरवर आपली लॅब चालते. नवा दवाखाना झाला की काम दुप्पट. घास नेहमीसारखं."


२३ मार्च, बुधवार

घासलं.

का घासलं तेही लिहितो. पुन्हा कापायचं म्हटलं तर डॉक्टर रागावणार, तारीख पुढं जाणार, पाडवा हातातून जाणार. दात एकदा तोंडात बसले की मी मोकळा. आधी मोकळं व्हायचं, मग पुढचं बघू. आणि दुसऱ्यांचं चार वर्षं केलं, तेव्हा हात थांबला नाही. स्वतःचं आलं म्हणून एकदम थांबवायचा, हेही बरोबर नाही वाटलं.

प्लास्टरवरची धार गेली. जिभेला तीच लागते.


१ एप्रिल, शुक्रवार

दात बसले. कसे बसले ते लिहितो.

कॅप मेणात घडवल्या, भट्टीत ओतल्या, रंग दिला. रंगाची पट्टी समोर ठेवून डॉक्टरांनी सगळ्यात पांढरा सांगितला होता. मी एक घर खालचा घेतला, पुढच्या दोन दातांच्या टोकाला किंचित धुरकट छटा दिली. आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगलं काम. मालकांनी भिंगातून बघितलं आणि काही बोलले नाहीत. म्हणजे फारच चांगलं.

प्लास्टरवर टक्कन बसल्या. तोंडात बसेनात. बसणार कशा, धार प्लास्टरवर नाही, तोंडात आहे. डॉक्टर म्हणाले, "लॅबनं आतून घट्ट केल्यात." आणि बर घेऊन माझ्या कॅप आतून घासायला लागले. एक घासली, दुसरी घासली. मी खुर्चीत आ वासून. तोंडात कापूस, बोलता येत नाही. सिरॅमिकची पांढरी भुकटी त्यांच्या अंगठ्यावर जमत होती. जाडी किती होती ते मला माहीत होतं. किती उरली तेही कळत होतं. उत्कर्षा मॅडम नळी नीट धरून उभ्या होत्या.

चिकटवल्या. आरसा दिला. काय सांगू, सुंदर दिसत होतं. मी हसलो. आरशात एक अनोळखी पोरगं हसलं.

जाताना डॉक्टर म्हणाले, "पाडव्याला सकाळी नऊला औंधला हजर. फोटोपाशी उभं राहायचं, लोकांना दाखवायचं. नवा शर्ट देतो. आणि नंतरही शनिवार-रविवार येत जा, दत्तप्रसादशी बोललोय मी. चालता-बोलता नमुना पाहिजे."

मी सांगायला तोंड उघडलं की पाडव्याला मला नागपूरला जायचंय. डॉक्टर म्हणाले, "वा, बघ कसं छान दिसतं तोंड उघडल्यावर."


३ एप्रिल, रविवार

मार्केट यार्ड. बद्रीनाथ गाडीला टेकून उभा होता. मी हसून हात केला. त्यानं मागं वळून बघितलं, मी कुणाला हात करतोय ते.

"अरे, मी. केळापूर."

तो जवळ येऊन बघत राहिला. "काय करून घेतलं बे हे? टीव्हीत जातं काय?" मग म्हणाला, शुक्रवारी दुपारी गाडी रिकामी यवतमाळला निघते, कोणी येणार असलं तर सांग, एकट्याला झोप येते.

मी म्हणालो, नाही जमणार, शनिवारी मला एका ठिकाणी उभं राहायचंय.

मालकांना अजून सांगितलेलं नाही. मार्च संपला.


७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी बघितलं तर नव्या शर्टाचं बटण सैल होतं. सुईदोरा घेऊन पक्कं केलं. कात्री नव्हती, दोरा दातानं तोडला.

'टिक' असा आवाज झाला. तांबटांच्या ठोकण्यात तो ऐकूही यायला नको होता, पण तोही कवटीत आला. तळहातावर अर्धी कॅप. डावीकडचा पुढचा दात. तुटलेली कड बघितली, मागच्या बाजूला कागदाएवढी उरली होती. तिथं पायरी नाही.

दोरा होता. साधा पांढरा दोरा.

कितीतरी वेळ विमलाबाईंची पोळी डोळ्यांसमोर होती.


८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी लॅबमध्ये तुकडा मालकांसमोर ठेवला. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तुकड्याकडे. भिंग काढलंच नाही.

"डबीत घाल. चिठ्ठी लिही. डॉक्टरांना आजच पाठवू, उद्या सकाळपर्यंत काहीतरी चिकटवून देतील. फोटोत उजव्या बाजूनं उभा राहा."

"काय लिहू?"

"काय लिहितोस रोज?"

मी बसलो. नाव शंभू, वय २२, वरचा डावा पुढचा दात. पुढची ओळ हाताला इतकी पाठ आहे की "रुग्णाने" लिहून झालं तेव्हा कळलं. पेन थांबलं. चार वर्षांत पहिल्यांदा रुग्ण मला माहीत होता. त्यानं सुपारी फोडली नव्हती.

ती चिठ्ठी फाडली. दुसरी लिहिली. "दाताला पायरी नाही. कोपऱ्यांना धार आहे. प्लास्टरवरची धार लॅबमध्ये मी घासली, म्हणून कॅप तोंडात बसली नाही व आतून घासावी लागली. रुग्णाची चूक नाही." मग आणखी एक. नाव विमलाबाई, वय ६२. तेच सगळं. शेवटी जास्तीचं लिहिलं, "आपण काही विसरलेल्या नाहीत." दोन्हीवर सही केली. चिठ्ठीवर सही करायची पद्धत नाही आमच्यात.

डबी घेऊन जुन्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर औंधला तोरणं लावून घेत होते. उत्कर्षा मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग दार लोटून घेतलं.

"बस खुर्चीत," म्हणाल्या. "हा एक तरी नीट करते. बाकीचे पाच काढायचे म्हणजे फोडावे लागतील, ते आज होणार नाही."

"डॉक्टर तुम्हाला बोलतील."

"बोलतील. त्या दिवशी मीच बोलायला हवं होतं."

दहा मिनिटं लागली. खरंच दहाच. मग त्या म्हणाल्या, "जीभ लावून बघ." लावली. गुळगुळीत. आणि मागे, हिरडीजवळ, पायरी. जीभ त्या पायरीवर थांबली. कोपरा हरवला होता. त्यांनी नवं माप घेतलं, तात्पुरती कॅप बसवली आणि माप पाठवायच्या डबीत न घालता माझ्या हातात दिलं.

"हे लॅबला देऊ नकोस. तुझं तूच ओत. कॅप कुठंही कर, कुणीही डॉक्टर चिकटवून देईल."

हे मला आजवर सुचलं नव्हतं. मालकांच्या कपाटातल्या मापासाठी मी महिनाभर थांबलो. कॅप करणारा मीच, आणि दात तर माझ्याच तोंडात.

"विमलाबाईंची चिठ्ठी?" मी विचारलं.

"सोमवारी येणार आहेत त्या. मी देईन. कॅप पण मीच नव्यानं करते." मग म्हणाल्या, "अक्षर ओळखतील त्या."

लॅबमध्ये येऊन सामान बांधलं. दोन शर्ट, चादर, माझी कोरायची हत्यारं. नवा शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला. मालक दारात उभे होते. मला वाटलं आता तोफ सुटणार. मी म्हणालो, "मालक, मी जातो. उद्या औंधला मी नाही."

ते खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या पाइपाकडे बघायला लागले.

"डॉक्टरला काय सांगू?"

"चिठ्ठी लिहून दिलीय."

"तुझ्यासारखा हात मला पुन्हा मिळायचा नाही," म्हणाले. हे त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. मग लगेच, "जा. नागपूरला ते प्लास्टर कुठलं वापरतात ते बघ आधी. तिकडच्या उन्हात फार लवकर धरतं."

पाया पडलो. बद्रीनाथची गाडी दोनला निघाली.


९ एप्रिल, शनिवार. पाडवा

वाशिमच्या पुढं कुठंतरी चहाला थांबलोय. सकाळचे सात. समोरच्या घरावर गुढी उभारतायत, काठी वाकडी आहे, दोघे खालून ओरडतायत, एक वरून. बद्रीनाथ टायरला काठी मारून बघतोय. यवतमाळला उतरून एसटीनं नागपूर, दुपारपर्यंत पोचेन. मायला तिथून फोन.

मांडीवर डबी आहे, तिच्यात माप. गाडी उसळली की मी आधी डबी धरतो, मग स्वतःला. एक दात नीट आहे. पाच कॅप तशाच तोंडात आहेत, पाचही घासलेल्या प्लास्टरवरच्या. त्यांतली कुठली कधी जाईल सांगता येत नाही. बद्रीनाथनं कडुनिंबाची पानं आणि गूळ दिला, पाडव्याचा. मी उजव्या दाढेनं चावला, सावकाश.

रात्री गाडीत पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात होता, आत्ताही आहे. मालकांना नागपूरचं मी कधी सांगितलं, तेच आठवत नाही. बोलता बोलता कधीतरी तोंडून गेलं असेल.